बागेत औषध लावायचं

न्या सेफेरिना, म्हणजे सेफेरिनाबाई, तण विकायची. सकाळी बागेच्या कोपऱ्यावर, माझ्या दुकानासमोर, ती आपलं बाकडं मांडायची. त्यावर पाल्याच्या ओल्या जुड्या आणि पुढ्यात लाकडी उखळ. गिऱ्हाईक थर्मास पुढे करायचं आणि ती विचारायची, "आज काय दुखतंय?" डोकं म्हटलं तर एक पाला, पोट म्हटलं तर दुसरा. कुणी "काही नाही" म्हणाला तर म्हणायची, "मग बायकोशी भांडलेला दिसतोस," आणि पुदिना ठेचून द्यायची. पाला थर्मासातल्या बर्फाच्या पाण्यात पडला की माणूस दिवसभर कामावर तेरेरे प्यायला मोकळा. आमच्या उन्हाळ्यात तेरेरेवाचून कुणाचं चालत नाही, आणि पाल्याशिवायचं तेरेरे म्हणजे येर्बा नावाच्या सुक्या पानांचं नुसतं कडू पाणी.

माझं नाव लिब्रादा. कोपऱ्यावरचं किराणा दुकान माझं. सेफेरिनाचं आणि माझं रोज एकदा तरी वाजायचं. "तुझ्या गिऱ्हाइकांनी माझ्या पायरीवर पुन्हा चोथा टाकलाय," मी दारातून ओरडायचे. "त्यांना पायरीवर बसवून बिस्किटं कोण विकतं?" ती उखळातून मान वर न करता म्हणायची. लोकांना वाटायचं आमचं हाडवैर आहे. वाटू दे. दुपारी दुकान बंद करून आम्ही दोघी त्याच पायरीवर बसायचो आणि एकाच शिंगाच्या पेल्यातून, एकाच नळीनं तेरेरे प्यायचो. वैऱ्याची नळी कुणी तोंडात घेत नाही.

आमची बाग म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. आंब्याची झाडं, सान ब्लास संताची मूर्ती, वाळूत उभा केलेला झोपाळा, एक गंजकी घसरगुंडी आणि बाकी सगळं गवत. पूर्वी वस्तीची इर्जिक असायची. शनिवारी घरटी एक माणूस कुदळ घेऊन यायचा, गवत काढून झालं की आंब्याखाली मांस भाजायचं. पुढे तरणी माणसं राजधानीत कामाला गेली, काही सीमेपलीकडे गेली. गवत काढायला म्हाताऱ्या उरल्या आणि मांस खायला मात्र सगळे. अशानं इर्जिक किती दिवस टिकणार? ती मोडली आणि गवत गुडघ्याला लागू लागलं.

सेफेरिनाला ते बरंच होतं. कुंपणाच्या कडेनं घोळ माजायची, गवती चहाचं बेट फुगायचं, आणि पावसानंतर भुईआवळी यायची. पहाटे टोपली घेऊन ती कडेकडेनं फिरायची. बाजारात पैसे मोजून आणावं लागतं ते इथे खुडून मिळायचं. भुईआवळी मात्र ती विकायची नाही. ती तोरिबिओची.

तोरिबिओ तिचा नवरा. आयुष्यभर विटांच्या भट्टीवर राबलेला, हाडांचा सापळा, पण तोंड मात्र गावभर. त्याला मूतखड्याचा त्रास होता. आमच्याकडे मूतखड्यावर भुईआवळीचं पाणी देतात, सगळेच देतात. सेफेरिना ती रोज ताजी आणायची, मुळासकट ठेचायची आणि त्याच्या तेरेरेत घालायची. "ही बाई मला पाला चारून चारून एक दिवस दावणीला बांधणार," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "दूध दिलंस तर बांधीन," ती म्हणायची. मूल झालं नव्हतं त्यांना. दोघं एकमेकांनाच लेकरासारखं वागवायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच बिघडलं. आमच्या बोलीत औषधाला एकच शब्द आहे. डॉक्टरची गोळी ते औषध. सेफेरिनाच्या उखळातला पाला, तेही औषध. आणि गावाभोवतीच्या सोयाबीनवर ट्रॅक्टरनं जे उडवतात, ज्यानं तण जळतं आणि वारा फिरला की आमचे डोळे चुरचुरतात, तेसुद्धा औषधच. विष म्हणायची रीत नाही. विष उंदरांना घालतात, शेताला औषध देतात.

वस्तीच्या समितीचा अध्यक्ष काराई एवेलिओ; काराई म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'. टपाल कचेरीतून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. पुढे तुम्हाला त्याचा राग येईल आणि तो यावाही, पण माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. सेफेरिना त्याच्या मागे लागली होती. कुंपणाच्या कडेची पट्टी मला द्या, मी नीट वाफे करून तिथे औषध लावते, वस्तीतल्या कुणालाही खुडून नेता येईल. तो म्हणायचा, "बघू, बैठकीत घेऊ."

बैठक आंब्याखाली भरली. सेफेरिना मागे आपल्या बाकड्यावर, उखळ चालूच. एवेलिओ उठला आणि म्हणाला, "गवत फार झालंय. एखाद्या दिवशी पोरांना साप चावायचा. तर माझं म्हणणं असं, की बागेत औषध लावायचं. सगळ्या कडेनं. कुणाकुणाला मान्य आहे?"

सेफेरिनानं मुसळ खाली ठेवलं आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला. तिचा चेहरा असा काही फुलला होता की माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "हिला काय लॉटरी लागली की काय?" बैठक उठल्यावर ती एवेलिओकडे गेली आणि त्याचे दोन्ही हात धरून म्हणाली, "देव तुमचं भलं करो, काराई. किती दिवस मागत होते मी." एवेलिओला वाटलं, म्हातारी सापाला भीत असेल. "अहो, सगळ्यांच्याच भल्याचं आहे," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर थोपटून घरी गेला.

पंपवाला आला त्या सकाळी ती बाजारात गेली होती. मी तर गावातच नव्हते, बहिणीकडे होते. असते तरी काय केलं असतं? तो पाठीवर टाकी बांधून कडेकडेनं फिरला हे वस्तीनं पाहिलं, पण तिला जाऊन सांगावं असं कुणाच्या मनात आलं नाही. जिनं पहिला हात वर केला तिला काय सांगायचं? मलाही तसंच वाटलं असतं.

हे औषध लगेच मारत नाही, हेच त्याचं वाईट. पाला पुढे काही दिवस हिरवागार राहतो, उलट जरा चमकतो. सेफेरिना रोज पहाटे टोपली घेऊन जात राहिली. भुईआवळी आणत राहिली, ठेचत राहिली.

मी परतले त्या दिवशी कुंपणाची कड पिवळी पडली होती. सेफेरिना बागेत उभी होती, हातात रिकामी टोपली. तिनं गवती चहाचं बेट ओढलं तर ते मुळापासून हातात आलं. मग ती तशीच एवेलिओच्या घराकडे निघाली आणि मी तिच्या मागे, कारण तिची चाल मला बरी दिसेना.

"काराई, माझ्या औषधाला काय झालं?"

"कसलं औषध?" एवेलिओ दाढी करत होता, तोंडाला फेस तसाच.

"बागेतलं. सगळं जळलंय."

"जळायलाच हवं. मग औषध लावलं कशासाठी?"

"तुम्ही लावलंत? कुठे लावलंत? मला तर एक रोप दिसत नाही."

"रोप?" एवेलिओनं टॉवेल घेतला, फेस पुसला. "न्या सेफे, रोप नाही हो. फवारलं. तुमच्यासमोर ठरलं की. तुम्हीच तर पहिला हात वर केलात."

एवेलिओच्या बायकोनं खुर्ची आणली, सेफेरिना बसली नाही. तिनं फक्त विचारलं, "कधी?" त्यानं सांगितलं. ती मनाशी काहीतरी जुळवत राहिली, ओठ हलत होते, आणि मग ती पळाली. पायात सपाता असलेली जाडजूड म्हातारी, भर उन्हात घराकडे पळाली. रस्त्यावरची पोरं हसली. मीही आयुष्यात तिला पळताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

तोरिबिओ अंगणात बसून तेरेरेच पीत होता. तिनं त्याच्या हातातला पेला हिसकावला आणि थर्मास मातीत उपडा केला. धापा टाकत तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याला आठवडाभर मळमळत होतं, पाय सुजले होते, त्यानं ते उन्हावर ढकललं होतं. ऐकून झाल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ लिब्रादा, इतकी वर्षं प्रयत्न करत होती, आता कुठे जमलं हिला."

सेफेरिना हसली नाही. ती हसत नाही हे बघितल्यावर त्याचंही तोंड उतरलं. "अगं, खडे आहेत ते," तो म्हणाला. "जुनेच आहेत. वेडी आहेस का तू?" आणि तिचा हात हातात घेऊन बसला. माझ्यादेखत त्यानं असं कधी केलं नव्हतं. मी तिथून निघाले.

हिवाळा लागायच्या आत तोरिबिओ गेला. डॉक्टर म्हणाला मूत्रपिंडं आधीच निकामी होत आली होती, भट्टीतलं काम, खडे, वय. पाल्याचं विचारलं तर म्हणाला, सांगता येत नाही, असेलही, नसेलही. खरं असेल त्याचं. पण "असेलही, नसेलही" घेऊन माणसानं घरी जाऊन काय करायचं? देवळात पाद्रीनं सांगितलं, तुझा दोष नाही. शेजारणींनी सांगितलं, मीही सांगितलं. ती मान हलवायची, ऐकून घ्यायची आणि आपला उजवा हात पोटाशी धरून बसायची. तो हात तिनं पुढे कुठल्याच बैठकीत वर केला नाही.

त्यानंतर एकदाच ती बैठकीत बोलली. गवत पुन्हा वाढलं होतं आणि एवेलिओनं विषय काढला. त्यानं या वेळी शब्द जपून वापरला, "फवारणी" म्हणाला. सेफेरिना बाकड्यावरून उठून पुढे आली.

"फवारू नका. गवत मी काढते."

"एकट्या? अख्खी बाग?"

"अख्खी. तिथे पोरं अनवाणी खेळतात. बागेत एक काडी तणाची दिसली तर तुमचा पंपवाला बोलवा. तोवर नाही."

"न्या सेफे, तुमचं वय—"

"माझं वय मला ठाऊक आहे, काराई. तुम्ही हो म्हणा."

तो हो म्हणाला. सगळेच हो म्हणाले, आणि का नाही म्हणणार? फुकटात बाग साफ होत होती. कुणी म्हणालं नाही की मीही येतो. माझे गुडघे तेव्हाही गेलेले होते, पण ज्यांचे धड होते ते काय करत होते? चेंडू खेळत होते.

तर अशा रीतीनं, जी बाई जन्मभर तण विकून जगली ती तण उपटू लागली. पहाटे कुदळ, खुरपं आणि बुडाखाली घ्यायला एक पाट. झोपाळ्यापासून सुरुवात करायची आणि सरकत सरकत कुंपणापर्यंत. घोळ आली की घोळ उपटायची. पुदिना उपटायची. भुईआवळीही उपटायची, कारण शब्द दिला होता, एक काडी दिसणार नाही. मी एकदा म्हटलं, "कडेची थोडी राहू दे की. कोण बघतंय?" ती म्हणाली, "एवेलिओ बघतो. आणि एवेलिओ नाही बघितलं तर दुसरं कुणी बघेल. एक ठेवली की उद्या दहा होतात, परवा पंप येतो." उपटलेला पाला ती विकतही नव्हती. खड्डा करून पुरायची. विकायच्या जुड्या बाजारातून यायच्या, त्यात तिला फारसं काही सुटायचं नाही. लोक म्हणायचे, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी म्हणायचे, तुमच्या डोक्यावर एकदा झाला असता तर बरं झालं असतं.

वर्षं गेली. पोरं तिला आजी म्हणायची. झोपाळ्याखालच्या वाळूतून ती काचेचे तुकडे वेचायची, चाळणीनं चाळायची. एखादं पोर पडून गुडघा फुटला की पाला ठेचून बांधायची आणि वर एक चापटही द्यायची. "आजी, हे औषध आहे?" पोर विचारायचं. "पाला आहे," ती म्हणायची. औषध हा शब्द तिनं सोडून दिला होता. गिऱ्हाइकांनाही म्हणायची, "कुठला पाला देऊ?" नव्या माणसांना ती तिची लकब वाटायची.

मी तिला चिडवायचे, "तुझ्या बागेला टक्कल पडलंय." ती म्हणायची, "तुझ्या भावाला पडलंय तेवढं नाही." पण खरंच बाग टकली झाली होती, नुसती तांबडी माती आणि झाडताना उमटलेल्या खराट्याच्या रेघा. देखणी नव्हती. फक्त तिथे बसलं की काही बाधत नव्हतं, आणि तेवढंच तिला हवं होतं.

मग एका डिसेंबरात ती कुंपणापाशी घसरली आणि खुबा मोडला. तालुक्याच्या इस्पितळात नेलं, तिथून भाचीनं आपल्या घरी राजधानीत नेलं. आमचा डिसेंबर म्हणजे ऊन आणि पाऊस, ऊन आणि पाऊस. गवताला आणखी काय लागतं? जानेवारीत बाग हिरवी झाली होती, आणि तीन फेब्रुवारीला सान ब्लासचा उत्सव.

भाचीचा निरोप आला की उत्सवाला मावशीला घेऊन येते. वस्तीला खरंच आनंद झाला, ते खोटं म्हणणार नाही मी. बायका चिपा, म्हणजे चीजचे पाव, भाजायच्या तयारीला लागल्या, कुणी तिचं बाकडं रंगवलं. बैठकीत एवेलिओ म्हणाला, आणि म्हणताना त्याचे डोळे भरले होते, "इतकी वर्षं बाईनं बाग सांभाळली. ती येईल तेव्हा तिला तिची बाग स्वच्छ दिसली पाहिजे."

"मग कुदळी काढा," मी म्हटलं.

काढल्या. मी गुडघ्यांना फडकी बांधून गेले. एवेलिओची बायको आली, दोन-चार पोरी आल्या, हसत खिदळत. ऊन चढेपर्यंत झोपाळ्याभोवतीचं तेवढं निघालं. पोरींच्या हातांना फोड आले. एवेलिओ म्हणाला, "असं पुरं कधी होणार? उत्सव तोंडावर आलाय."

"तिला कळलं तर?"

"लिब्रादा, आता नवीन औषध मिळतं. पूर्वीसारखं नाही ते. माणसाला काही होत नाही, विकणाराच सांगतो. आणि आपण काय आपल्यासाठी करतोय? तिच्यासाठीच करतोय ना?"

मी भांडले. माझा आवाज कसा आहे ते वस्तीला माहीत आहे, सान ब्लासनंही कान झाकले असतील. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पंपवाल्याला बोलावलं. त्यानं झोपाळ्याची वाळूही सोडली नाही.

उत्सवाच्या दिवशी भाचीनं तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. बॅन्ड वाजत होता, मांस भाजत होतं. सेफेरिना इतकी वाळली होती की तिचा पोशाख दुसऱ्याचा वाटत होता. तिला बागेच्या मधोमध नेऊन बसवलं, गळ्यात कागदी फुलांची माळ घातली, पोरं तिच्याभोवती धावत होती, वाळूत लोळत होती, सगळी अनवाणी. ती बघत होती. कडेचं गवत पिवळं पडून आडवं झालं होतं, पंपवाला जसा चालला होता तशा पट्ट्यांत.

"हे कुणी काढलं?" तिनं विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी मिळून," एवेलिओ वाकून म्हणाला. "तुमच्यासाठी. औषध लावलं."

आनंदाच्या भरात त्याच्या तोंडून जुना शब्द निघून गेला. मला वाटलं ती ओरडेल. तिनं ओरडायला हवं होतं, मी वाट बघत होते, मी तिच्या बाजूनं उभी राहून दुप्पट ओरडले असते. पण सगळी वस्ती तिच्याकडे प्रेमानं बघत होती, रंगवलेलं बाकडं समोर ठेवलेलं. कुणावर ओरडणार ती? तिनं गळ्यातली माळ सारखी केली आणि म्हणाली, "उपकार झाले." मग भाचीला म्हणाली, "मी आता राजधानीत येत नाही. माझी खुर्ची झोपाळ्यापाशी ने."

ती खुर्ची झोपाळ्यापाशी गेली ती हिवाळ्यापर्यंत तिथेच होती. सकाळी कुणीतरी तिला आणून बसवायचं, बहुतेक वेळा मीच. मांडीवर एक काठी. पोर आलं की काठी आपटायची. "चल, घरी जा." "आजी, एकदाच." "घरी जा म्हटलं ना." किती दिवस थांबायचं ते तिला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पाऊस पडल्यावर एवेलिओ येऊन म्हणाला, "आता तर धुऊन गेलं, न्या सेफे." ती म्हणाली, "धुऊन कुठे गेलं ते दाखवा." तो मान खाली घालून निघून गेला. पुढे तो बागेच्या बाजूनं यायचाच बंद झाला.

पोरांना काय कळणार? त्यांची आजी गेली होती आणि तिच्या जागी एक खडूस म्हातारी येऊन बसली होती, जी झोपाळ्याला हात लावू देत नव्हती. आधी ती रुसली, मग चिडवू लागली. भर दुपारी पोरं उनाडू नयेत म्हणून आम्ही पोम्बेरो भुताची भीती घालतो. पोरांनी हिचं नाव ठेवलं, पोम्बेरोची बायको. लांबून ओरडायची आणि पळायची. एकानं आंब्याची कोय मारली, ती तिच्या कपाळाला लागली. त्याच्या आईला मी दुकानात सुनावलं तर ती म्हणते, "मग पोरांनी खेळायचं कुठे? बाग काय तिच्या बापाची आहे?"

त्या दुपारी मी कपाळ पुसत होते तेव्हा सेफेरिना म्हणाली, "माझ्या जवळ कुणी येत नाही ते बरं आहे, लिब्रादा. म्हणजे वाळूतही येत नाहीत." आणि मग ती रडली. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. तोरिबिओ गेला तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी तिच्या हातात पेला दिला, ती प्यायली नाही, पाणी कोमट होऊन गेलं.

जूनच्या थंडीत ती गेली. खोकला झाला आणि चार-सहा दिवसांत संपलं. वस्ती लोटली होती, खोटं कशाला बोलू. एवेलिओनं खांदा दिला आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. बायका म्हणत होत्या, शेवटी शेवटी जरा तिरसट झाली होती, नाहीतर बाई सोन्यासारखी.

मातीहून परतल्यावर मी दुकान उघडलं, कारण घरी बसून काय करू? समोर झोपाळा, शेजारी रिकामी खुर्ची. हास्मिन आली, पलीकडच्या घरातली, सहा-सात वर्षांची असेल. साखर घेतली, पैसे दिले, तरी जाईना. पायावर पाय घासत उभी राहिली.

"काय गं?"

"ती पोम्बेरोची बायको मेली ना?"

"न्या सेफेरिना म्हण."

"मेली ना पण?"

"हो."

"मग आता आम्ही झोपाळ्यावर गेलो तर चालेल?"

तिच्या चेहऱ्यावर काही वाईट नव्हतं. नीट परवानगी मागत होती बिचारी, आजवर कुणी मागितली नव्हती. माझ्या तोंडून उत्तर निघायच्या आत तिनं साखरेची पुडी गल्ल्यावर ठेवली आणि चपला तिथेच काढून रस्ता ओलांडून पळाली. मी तिच्या मागे धावले. या गुडघ्यांनी धावले, आणि ती वाळूत पाय टाकणार तेवढ्यात तिचा दंड धरून अशी काही ओरडले की ती पांढरीफटक पडली.

ती रडत रडत घरी गेली. मला बरं वाटलं.